मागचा साडू

लांब ट्रेलर चालवायला दोन माणसं लागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पुढे ओढणारी गाडी, तिच्यातला ड्रायव्हर, त्याचा गॉगल, खिडकीबाहेर टाकलेलं कोपर आणि रस्ता दणाणून सोडणारा हॉर्न, एवढं लोक डोळे भरून बघतात. मग नजर मागच्या लोखंडी धुडावर जाते. ते धूड इतकं लांब असतं, की समोरून सरकून संपेपर्यंत बघणाऱ्याचा उत्साह आधी संपतो. त्यामुळे अगदी शेवटी, चाकांच्या रांगा जिथे संपतात तिथे, पत्र्याच्या खुराड्यात एक माणूस छोटंसं स्टेअरिंग धरून बसलेला असतो, तो कुणाला दिसत नाही. चुकून दिसलाच तर लोकांना वाटतं, कुणीतरी फुकटात बसून चाललाय.

तो माणूस म्हणजे मागचे.

आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं एक नाव त्यांना होतं, पण ते वापराविना पडून होतं. यार्डात सगळे त्यांना मागचे म्हणत आणि ओढणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला पुढचे. नावं कामावरून पडली होती, पण मागच्यांना आपलं नाव जन्मावरून पडल्यासारखं वाटे. घरात ते दुसरे. शाळेत शेवटच्या बाकावर, तेही बाक आखूड म्हणून अर्धे बाहेर. घराण्याच्या प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत, आणि त्यांच्या पुढे नेमका असा कुणी नातेवाईक उभा, की ज्याच्या डोक्याचा आकार हा घराण्याचा अभिमानाचा विषय होता. एका फोटोत मागच्यांचा फक्त एक कान आला आहे. तो त्यांच्या बायकोने ओळखला, यावरून तिचं त्यांच्यावर प्रेम होतं असं मानायला जागा आहे.

आता हे मागचं काम म्हणजे नेमकं काय, तेही सांगितलं पाहिजे. ट्रेलर एवढा लांब, की पुढचं टोक वळलं तरी मागच्या टोकाला त्याची बातमी नसते. म्हणून मागची चाकं मागच्या माणसाने वेगळी वळवायची. पुढच्याने वॉकीटॉकीवर सांगायचं, ‘उजवी दे’, ‘डावी दे’, ‘सरळ कर’. मागच्याने द्यायची. का द्यायची, पुढे भिंत आहे की म्हैस, हे विचारायचं नाही. विचारून उपयोगही नाही, कारण मागच्याच्या डोळ्यांसमोर आडवा माल असतो आणि सगळं जग त्या मालाच्या पलीकडे.

मागच्यांनी जन्मभर असा अवजड माल नेला. बॉयलर नेले, पुलाचे गर्डर नेले, कारखान्यांच्या टाक्या नेल्या. पण एकाही मालाचं तोंड त्यांनी चालत्या गाडीतून पाहिलं नव्हतं. घरी पाहुणा आला की ते रंगात येऊन सांगत, एकदा एक बॉयलर नेला होता, काय पाठ होती त्याची! पाहुणा भाबडेपणाने विचारी, आणि पुढून? मग मागचे पाहुण्याला चहा घेणार का म्हणून विचारत.

एवढ्यावर भागलं असतं तर मागच्यांनी सोसलंही असतं. पण पुढचे हे त्यांचे सख्खे साडू होते.

मागच्यांच्या बायकोची थोरली बहीण पुढच्यांच्या घरात. वयाने मागचे मोठे, पण नात्याने पुढचे थोरले जावई. सासऱ्यांच्या घरी पंख्याखालची जागा पुढच्यांची, खुर्चीवरची गादी पुढच्यांची आणि ‘जावईबापू’ ही हाकही पुढच्यांची. मागच्यांना सासरे ‘अहो, हे’ एवढंच म्हणत, आणि तेही पाणी मागायचं असेल तेव्हा. त्यातून मागच्यांना ही नोकरी पुढच्यांनीच लावून दिलेली. एखाद्याने आपल्याला विहिरीत ढकललं तर माणूस काही वर्षांनी विसरतो. नोकरी लावून दिली तर काय करायचं? रोज कामावर जावं लागतं.

भांडण झालं ते सासऱ्यांच्याच घरी, सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर. भांडणाला माणूस पोटभर जेवलेला लागतो. उपाशी माणूस नुसता ओरडतो, त्याच्या बोलण्यात कलाकुसर नसते. सासरे भिंतीला टेकले, त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि विचारलं, की धाकटे जावई नेमकं करतात तरी काय? इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं होतं. मागच्यांनी पाठ ताठ केली. हायड्रॉलिक, अ‍ॅक्सल, वळणाचा कोन असे चांगले चांगले शब्द त्यांनी ओठांपर्यंत आणले. तेवढ्यात पुढच्यांनी तोंडातली दात कोरायची काडी बाजूला केली.

“काही विशेष नाही हो. मी ओढतो, तो येतो.”

सगळे हसले. सासू हसली, मेहुणी हसली, सासरे तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं आणि ते मागच्यांनीच दिलं. सगळ्यात वाईट म्हणजे मागच्यांची बायको हसली. पुढे तिने कितीदा सांगितलं, की तो ठसका होता. मागच्यांनी ठसका आणि हसू या दोहोंची मनातल्या मनात बरेच दिवस तुलना केली. निकाल दर वेळी बायकोच्या विरुद्ध गेला.

त्या दिवसापासून साडूंचा अबोला सुरू झाला. मागच्यांनी ठरवलं, तो आधी बोलल्याशिवाय बोलायचं नाही. पुढच्यांनी ठरवलं, याला कसला राग आलाय तेच आपल्याला कळलेलं नाही, तर कळेपर्यंत बोलायचं नाही. असे अबोले घरोघर असतात आणि घरं चालतात. पण इथे ट्रेलर एक, एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या, आणि मध्ये लाखमोलाचा परका माल. दोन्ही वॉकीटॉकी चालू असत आणि त्यांतून फक्त खरखर येई. प्रवासभर दोघे साडू एकमेकांची खरखर ऐकत बसत.

आधी निरोपाचं काम बांबूवाल्याकडे गेलं. बांबूवाला म्हणजे मालाच्या माथ्यावर बसून रस्त्यावरच्या तारा बांबूने वर उचलणारा माणूस. त्याने दोन वळणं निरोप पोचवले आणि हात जोडले. विजेच्या तारा परवडल्या, म्हणाला, त्यांच्यात करंट कुठून येतो ते तरी माहीत असतं.

मग काम बहिणींनी उचललं. दोघींची घरं शेजारीशेजारी. गाडी निघाली की धाकटी थोरलीच्या स्वयंपाकघरात येऊन बसे. थोरलीच्या कानाला तिच्या नवऱ्याचा फोन, धाकटीच्या कानाला तिच्या नवऱ्याचा. पुढून निघालेला हुकूम आधी या स्वयंपाकघरात येई, भाजीच्या देठांवरून इकडून तिकडे जाई आणि मग मागे पोचे. वाटेत त्याला बराच मसाला लागे. पुढचे म्हणत, त्या गाढवाला सांग, डावी दे. थोरली म्हणे, तुझ्या ह्यांना सांग, डावी. धाकटी फोनवर म्हणे, “अहो, भावोजी डावी देता का म्हणून विचारतायत. आणि येताना साबण आणा.” उलट निरोपाचंही तसंच. मागचे तावातावाने म्हणत, त्याला सांग, मला शिकवू नको. तो पुढे पोचेपर्यंत ‘बरं’ एवढाच उरे. त्यामुळे झालं असं, की समोरचा मनातून नरमलाय पण आढ्यतेपायी बोलत नाही, अशी दोन्ही साडूंची खात्री पटली आणि दोघेही जास्तच ताठले. एकदा मात्र दोघी बहिणींचंच एका उसन्या छत्रीवरून वाजलं, तेव्हा ट्रेलर भर माळावर दुपारभर उभा होता. मालकाला दोघांनी सांगितलं, इंजिन तापलंय.

मालक फार गोड माणूस. त्याने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि त्याच्या हो म्हणण्याने कधी काही घडलंही नव्हतं. त्याने एक दिवस मागच्यांना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. नवा ट्रेलर येतोय, म्हणाला. आता हा ट्रान्सफॉर्मर न्यायचाय, आपल्याच गावातून. कुठे ओरखडा न उठता पोचवलास, तर नव्या गाडीचं पुढचं स्टेअरिंग तुझं.

मागच्यांना त्या रात्री झोप लागली नाही. आरशासमोर उभं राहून त्यांनी कोपर खिडकीबाहेर टाकल्यासारखं करून पाहिलं. बायकोने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर तिने सगळ्यांना सांगून टाकलं, की आमचे हे आता पुढे बसणार. थोरलीलाही सांगितलं. थोरली म्हणाली, बरं झालं. ते ‘बरं’ धाकटीला जरा आखूड वाटलं. थोडक्यात, आता नुसती सीट नव्हती. त्या सीटवर धाकटीचा मान अवलंबून होता.

ट्रान्सफॉर्मर गावात शिरला तो भर दुपारी. बाहेरच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढलेला, म्हणून बाजारातूनच न्यायचा होता. तारा उचलायच्या म्हणून सगळ्या पेठेची वीज बंद केलेली. पंखे बंद, त्यामुळे दुकानदार बाहेर, आणि दुकानदार बाहेर म्हणून गिऱ्हाईकंही बाहेर. सगळं गाव दुतर्फा उभं राहून बघत होतं. पुढच्यांनी गॉगल लावला होता. हॉर्न देत, कोपर बाहेर टाकून ते असे चालले होते, की हा ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः घडवला असावा. लोक हात हलवत होते. मागे मागच्यांपर्यंत येईतो लोकांनी हात खाली घेऊन तोंड पुसायला सुरुवात केलेली असे.

पण मागचे खूश होते. गावाच्या वेशीपासून बाजारापर्यंत दोघी बहिणींनी मिळून ट्रान्सफॉर्मर अगदी अलगद आणला होता. ओरखडा नाही. आता एक कोपरा राहिला होता. एका अंगाला फोटो स्टुडिओ, दुसऱ्या अंगाला माडीवर दातांचा दवाखाना. दातांच्या डॉक्टरांनी रस्त्यावर लोखंडी दांडा काढून त्याला प्लास्टरची एक प्रचंड दाढ टांगली होती, मुळांसकट. इतकी हुबेहूब, की तिच्याखालून जाताना धडधाकट माणसाचाही हात गालावर जाई.

कोपऱ्यावर आल्यावर पुढच्यांनी फोनवर सांगितलं, आता पूर्ण उजवी. थोरलीने धाकटीला सांगितलं, पूर्ण उजवी. धाकटी म्हणाली, “अहो, पूर्ण...” आणि तिचा फोन बंद पडला.

सकाळपासून कानाला लावलेला फोन. त्यातून वीज नाही, म्हणजे चार्जिंग नाही. आणि वीज का नाही, तर नवऱ्याचा ट्रान्सफॉर्मर येतोय म्हणून. इतकं सगळं जुळून यायला साडूंचाच अबोला लागतो.

मागचे स्टेअरिंग धरून बसले. पूर्ण काय? पूर्ण थांब? पूर्ण सरळ? की साबण पूर्ण संपलाय? गुडघ्याजवळ वॉकीटॉकी खरखरत होता. बटण दाबून एक शब्द विचारला असता तरी काम झालं असतं. मागच्यांनी बटणाकडे पाहिलं आणि चाकं सरळ ठेवली.

पुढे गाडी वळली, ट्रेलर मात्र वळला नाही. मधला भाग स्टुडिओच्या पायरीला येऊन टेकला आणि बाटलीला बूच बसावं तसा ट्रान्सफॉर्मर बाजारात बसला. हॉर्न सुरू झाले. लोक आनंदाने पुढे सरकले, कारण आता सल्ला देता येणार होता. टायरची हवा काढा, असं एक जण म्हणाला. हवा काढून काय होणार, ते त्यालाही सांगता येईना, पण त्याने म्हणणं सोडलं नाही. दुसऱ्याने स्टुडिओच काढा म्हटलं. स्टुडिओवाला आत जाऊन दार लावून बसला. पुढचे पुढच्या केबिनमधून उतरले नाहीत. मागचे मागच्या खुराड्यातून उतरले नाहीत. उतरलं तर मधे कुठेतरी भेट झाली असती.

शेवटी माथ्यावरून बांबूवाला ओरडला, “मागे घ्यावी लागेल. पूर्ण मागे, आणि पुन्हा वळवायची.”

हे मागच्यांनी ऐकलं. मागे म्हणजे कुठे? मागे म्हणजे त्यांच्याकडे. ट्रेलर त्यांच्या दिशेने निघणार. त्यांचं टोक आधी जाणार. पुढच्यांच्या आरशात ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही, आणि मागे वळून बसलं की मागच्यांच्या समोर, जन्मात पहिल्यांदा, मोकळा रस्ता! तिकडे दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

फक्त बोलावं लागणार होतं. आधी बोलायचं म्हणजे हरायचं. मागच्यांनी क्षणभर विचार केला. मग त्यांना असं सुचलं, की हुकूम देणं म्हणजे काही बोलणं नव्हे. ट्रॅफिक पोलीस हात करतो, म्हणजे तो काय आपल्याशी गप्पा मारतो? त्यांनी बटण दाबलं.

“मागे ये.”

खरखर थांबली. मग पलीकडून, बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या आवाजात पुढचे म्हणाले, “येतो.”

या एका शब्दासाठी मागच्यांनी सासऱ्यांच्या घरचं सगळं जेवण परत दिलं असतं.

ट्रेलर मागे निघाला. मागच्यांनी चाकं अशी वळवली, की स्टुडिओची पायरी सुटली आणि खालून लोकांनी टाळ्या वाजवल्या. “हळू,” मागचे म्हणाले. गाडी हळू झाली. “थांब.” गाडी थांबली. थांबण्याचं काहीच कारण नव्हतं, पण थांबते का ते बघायचं होतं. “ये आता.” गाडी आली. “जरा थांब.” पुन्हा थांबली. एवढं सुख मागच्यांना लग्नातही झालं नव्हतं. तिथेही पुढचेच पुढे होते.

तेवढ्यात गर्दीतून त्यांची बायको आली. फोन बंद पडल्यावर ती घरून धावत निघाली होती, मागोमाग थोरलीही. दम खात धाकटी स्टुडिओच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने वर पाहिलं. अख्खा ट्रान्सफॉर्मर चाललाय आणि सगळ्यात पुढे आपला नवरा. मागच्यांनी ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं. त्यांच्या खुराड्याला बाजूची खिडकी नव्हती, पण पत्र्याला जिथे फट होती तिथून त्यांनी एक कोपर बाहेर काढलं.

ते स्टेअरिंग एका हाताने धरायचं नसतं.

ट्रेलरचं मागचं टोक जरासं, अगदी आळस दिल्यासारखं, दवाखान्याच्या बाजूला झुकलं. ट्रान्सफॉर्मरची कड लोखंडी दांड्याला लागली, दांडा वाकला आणि डॉक्टरांची ती भव्य दाढ मुळासकट निघून खाली आली. भूल न देता. रस्त्यावर पडून तिचे तुकडे झाले. कुणाला लागलं नाही, पण मागचे प्लास्टरने पांढरे झाले. वर गॅलरीत डॉक्टर आले, त्यांच्या मागे एक पेशंट तोंड उघडं ठेवूनच आला, आणि खालचं दृश्य पाहून तो जिना उतरून थेट घरी गेला. त्याचं दुखणं थांबलं असावं.

मालक आला तो कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून, कारण त्याची स्वतःची गाडी त्याच्याच ट्रेलरने अडवली होती. डॉक्टर खाली आले होते. भरपाई नको, म्हणाले, मला माणूस पाहिजे. हे कुणी केलं तो माणूस पुढे करा, नाहीतर ट्रेलर हलू देणार नाही. मालकाने डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी काढून टाकला. मालकाचा चेहरा गोड राहीना. त्याने दोन्ही साडूंना समोर उभं केलं.

“मला बाकी काही सांगू नका,” तो म्हणाला. “पुढे कोण होतं?”

मागच्यांची बायको पायरीवरून डोळ्यांनी खुणा करत होती. त्यांचा अर्थ आंधळ्यालाही कळला असता: गप्प बसा. मागचे तर नावाने आणि पगाराने मागचेच. ‘मी आपला मागे होतो साहेब’ एवढं म्हणायचं, की ओरखडा साडूच्या नावावर आणि नवं स्टेअरिंग यांच्या हातात. म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं, आणि त्याचा सराव मागच्यांना फोटोंमुळे चांगला होता.

त्यात पुढचेच एक पाऊल पुढे आले. त्यांनी गॉगल काढला.

“पुढे मीच,” ते म्हणाले. “नेहमीसारखा. त्याला कशाला मध्ये आणता? त्याला पुढचं काही दिसत नाही. मी सांगतो, तो फिरवतो. चूक माझी.”

बोलणं मोठ्या मनाचं होतं, यात शंका नाही. पुढच्यांना खरंच साडूला वाचवायचं होतं. मेहुणीने नळावर काय सांगितलंय ते त्यांना थोरलीकडून कळलं होतं. पण काही माणसांचं भलेपणही पायावर पाय देऊन जातं. मागचे ऐकत होते. नवी गाडी डोळ्यांसमोर होती, काचा स्वच्छ, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. आणि समोर सगळा बाजार उभा होता, ज्यातल्या प्रत्येकाला आता पटलं होतं, की हा पांढरा झालेला माणूस फक्त येतो.

“साफ खोटं,” मागचे म्हणाले. “पुढे मी होतो.”

मालक म्हणाला, तू तर मागचा. मागचे म्हणाले, गाडी रिव्हर्समध्ये होती. रिव्हर्समध्ये मागचा तो पुढचा. पुढचे म्हणाले, याचं डोकं दाढ पडून फिरलंय, गाडी कुठूनही कुठेही जाऊ दे, इंजिन ज्याच्याकडे तो पुढे. मागचे म्हणाले, इंजिन तुझ्याकडे होतं, रस्ता कुणाकडे होता? ‘थांब’ म्हटल्यावर कोण थांबलं? पुढचे म्हणाले, थांबायला मी का तुझा नोकर आहे? मी सांगितलं म्हणून नोकरीवर आहेस तू. मागचे म्हणाले, आला शेवटी मुद्द्यावर! मग छत्री निघाली, फोटो निघाले, सासऱ्यांच्या घरची गादी निघाली. इतक्या दिवसांचं साठलेलं दोघे भर बाजारात उपसत होते, आणि दर दोन वाक्यांनी दोघेही मालकाला बजावत होते, की चूक माझी, त्याची असूच शकत नाही, तेवढी त्याची लायकी नाही.

गुन्हेगार मिळत नाही म्हणून डॉक्टर चिडले होते. आता दोन मिळाले म्हणून ते जास्त चिडले. शेवटी कंटाळून म्हणाले, मला पेशंट बघायचेत, आणि वर गेले.

मालकाने दोघांकडे बघून एक उसासा सोडला आणि निकाल दिला. मागच्याने ओरखडा उठवला, हे तो स्वतःच म्हणतोय. तेव्हा नवी गाडी त्याला नाही. ती माझ्या भाच्याला. हा भाचा म्हणजे मालकाची मोटार फाटकाला घासून गॅरेजात घेणारा प्रसिद्ध तरुण. माथ्यावर बांबूवाला एकदम उठून उभा राहिला, कारण नव्या गाडीचं स्टेअरिंग मालकाने त्यालाही कबूल केलेलं होतं. नंतर चौकशीत कळलं, की यार्डाच्या वॉचमनलाही.

ट्रेलर पुन्हा निघाला. आता दोन्ही वॉकीटॉकी बोलत होते. ‘उजवी दे’ आणि ‘देतोय’ यांच्यामध्ये जेवढी जागा सापडेल तेवढ्यात साडूंचं भांडण चालू होतं, आणि कोपरा मात्र लोण्यातून सुरी गेल्यासारखा सुटला.

ट्रेलरचा वेग चालणाऱ्या माणसाएवढा. त्यामुळे धाकटी खुराड्याच्या बाजूने चालत राहिली आणि चालता चालता तिने मागच्यांची अशी काही खरडपट्टी काढली, की ती ऐकायला मागचे लोक पुढे आले. समोर ठेवलेली सीट लाथाडली. आता नळावर कोणत्या तोंडाने जायचं? भावोजी घेत होते ना अंगावर? घेऊ द्यायचं! कुणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? आणि कसला मोठेपणा, तर दाढ पाडण्याचा! मागचे अधूनमधून म्हणत, थांब जरा, काम चाललंय, आणि डावी देत.

पेठ संपेपर्यंत तिचे पाय दुखायला लागले. मग ती फुरंगटून खुराड्याच्या पायरीवर बसली, नवऱ्याकडे पाठ करून. तोंड मागे सुटत जाणाऱ्या बाजाराकडे. तेव्हा तिला जे ऐकू आलं, ते नवऱ्याला पाठीमागून इतकी वर्षं ऐकू येत होतं. पुढची गाडी समोरून जाताना लोक हात हलवतात, आणि माल सरकून गेला, की मग बोलायला लागतात. पुढच्याच्या कानावर कौतुक पडतं. ते जाऊन काय उरतं, ते मागच्याच्या कानावर येतं.

“रोज असंच बोलतात?” तिने न वळता विचारलं.

“गाडी पुढे गेली की बोलतात,” मागचे म्हणाले.

तेवढ्यात शेवटच्या दुकानापाशी नळावरचीच एक बाई दुसरीला सांगताना दिसली, की हाच तो, मागे बसणारा, पुढे बसणार म्हणून बायको नाचत होती, दाढ पाडून बसला आणि आता म्हणतो मी पुढे होतो. दोघी खुसखुसल्या.

धाकटी पायरीवर ताडकन उभी राहिली. एका हाताने तिने खुराड्याचा पत्रा धरला.

“पुढेच होते ते!” ती ओरडली. “रिव्हर्समध्ये मागचा पुढे असतो, एवढीही अक्कल नाही का तुम्हाला? दाढ काय आपोआप पडते? समोर असावं लागतं माणसाला!”

वॉकीटॉकीतून पुढचे विचारत होते, मागे कसला आरडाओरडा चाललाय, काही लागलं का गाडीला. मागच्यांनी बटण दाबलं. बायको अजून ओरडतच होती, आणि आता ती अ‍ॅक्सलवर आली होती.

“काही नाही,” ते म्हणाले. “सरळ चल.”